डावा फाटतोय

"आत्या, स्पीकर ठीक आहे. पखवाज असाच वाजतो."

"हो का? आता पखवाज कसा वाजतो ते तू मला शिकव!"

मी दारात उभी होते. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात हेल्मेट, आणि आत आत्या-भाच्याची चांगलीच जुंपलेली. आत जावं की दोन मिनिटांनी यावं, मला कळेना. तेवढ्यात बाईंनी मला पाहिलं.

"ये गं वैजयंती. चप्पल बाहेर काढ आणि सरळ आत ये. हा डावा स्पीकर फाटतोय."

"फाटत नाहीये," प्रसन्न म्हणाला.

"फाटतोय," बाई म्हणाल्या.

सांगलीत विश्रामबागेत नलिनीबाई ताम्हनकरांचा बंगला होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ. बाईंनी सगळी नोकरी रेडिओत ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर काढलेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, बाईंनी स्टुडिओ काढला. आसपासच्या तालुक्यांतली भजनी मंडळं, कीर्तनकार, शाळांची समूहगीतं, सगळं त्यांच्याकडे रेकॉर्ड व्हायचं. प्रसन्न त्यांचा भाचा, पुण्यातली नोकरी सोडून आलेला. कॉम्प्युटर आणि हिशेब तो बघायचा. त्याचं नाव प्रसन्न कुणी ठेवलं होतं देव जाणे. मी त्याला तोवर एकदाही हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मी वैजयंती कोष्टी. मारुती चौकाच्या मागे माझं ॲम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं, अजूनही आहे. या गोष्टीला आता चौदा-पंधरा वर्षं झाली, पण त्या दिवशी मी जिना किती घाईनं चढले ते अजून आठवतं. कारण माझ्याकडे येणारे स्पीकर म्हणजे गणपती-नवरात्रात डीजेवाल्या पोरांनी पार भाजून काढलेले. काय झालं विचारलं की पोरं म्हणायची, "काय नाय ताई, वाजता वाजता गप झाला." बाईंकडचे स्पीकर ही वेगळीच जात होती. गुडघ्याएवढ्या दोन पेट्या, ॲम्प्लिफायर त्यांच्याच पोटात बसवलेला, आणि त्यांचं काम दणका द्यायचं नाही तर खरं सांगायचं. रेकॉर्ड केलेल्यात काय चुकलंय ते या पेट्यांतून कळतं. असली पेटी मी कधी उघडली नव्हती. माझे हात नुसते शिवशिवत होते.

कोपऱ्यातल्या बाकावर दत्तोबा गुरव बसले होते. तासगावकडच्या एका देवळात सकाळ-संध्याकाळ पखवाज वाजवणारा हा माणूस पासष्टीच्या पुढचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं वाजवणं कुणीतरी रेकॉर्ड करत होतं.

"पोरी, तू तरी निकाल लाव बाई," ते म्हणाले. "दोनदा वाजवून झालं माझं. बाई म्हंत्यात फाटतंय. तिसऱ्यांदाबी वाजवतो, मला काय जड नाय. पण हात माझा फाटलाय का कान ह्यांचा, ह्ये एकदा ठरू दे."

बाकी कुणी हे बोललं असतं तर बाईंनी त्याला दार दाखवलं असतं. पण दत्तोबा बुवांचं त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"नीट ऐक वैजयंती. उन्हाळ्यात माझ्या डाव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडं कमी ऐकू येईल. हेडफोन तर वर्षभर लावायचा नाही म्हणून सांगितलंय. प्रसन्नचं म्हणणं, आता मी थांबावं. पुढचं काम पुण्याच्या एका स्टुडिओकडे द्यायचं आणि या खोल्या क्लासवाल्यांना भाड्यानं द्यायच्या. क्लासवाले संध्याकाळी उत्तर मागायला येणार आहेत."

"आत्या, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मला बोलू दे. मी त्याला शब्द दिलाय. दोष या पेटीत निघाला तर मी इथेच बसणार. नाही निघाला तर तो माझ्या कानात आहे, आणि मग उद्यापासून मी या खुर्चीत बसायची नाही."

सोपं होतं तर! पेटी दोषी निघाली तर बाई राहणार, नाहीतर जाणार. मी इकडे निव्वळ मजेखातर आले होते आणि बाईंनी माझ्या खांद्यावर हे ओझं ठेवलं. बाईंसारखी बाई खुर्ची सोडून घरात वाती वळत बसणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

"बसू का तिथं?" मी त्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

त्या उठल्या. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नाही हे सगळ्या सांगलीला माहीत होतं. मी टोकावर बसले.

"नीट बस. कान दोन्ही स्पीकरच्या मधोमध यायला पाहिजे."

प्रसन्ननं रेकॉर्डिंग लावलं. मी पखवाज असा कधी ऐकलाच नव्हता. उजव्या हाताचे बोल कोरडे, स्वच्छ. आणि डाव्या हाताचा धा, कणकेनं लिंपलेल्या त्या बाजूचा, खोलवरून उठून छातीत येऊन बसणारा. मी विसरलेच कशासाठी आलेय ते. आणि मग एका लांब, घसरत खाली जाणाऱ्या ठोक्याबरोबर डावीकडून आवाज आला. चर्र.

"आला!" मी खुर्चीतून उडालेच. "बाई, आला! चर्र करतोय!"

बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला.

"तो पखवाजाचाच आहे," प्रसन्न म्हणाला. "चामडं आहे, चरचरणारच."

"चामडं?" बुवा बाकावरून अर्धे उठले. "माझ्या पखवाजाला नाव ठिवू नका हां!"

"थांबा, थांबा. भांडू नका, विचारू त्यालाच," मी म्हणाले आणि टेबलामागे शिरले. डाव्या पेटीची वायर उजवीला लावली, उजवीची डावीला. "हे बघा प्रसन्नदादा, आता डावीकडचं उजवीकडनं येणार. चरचर रेकॉर्डिंगमधे असेल तर ती वायरीबरोबर पलीकडं जाईल. पेटीत असेल तर जागची हलायची नाही. लावा."

त्यानं लावलं. आम्ही चौघं माना वाकवून उभे. तो लांब ठोका आला, खाली घसरला.

चर्र. डावीकडूनच.

"हलली नाही!" मी टाळी वाजवली. "पेटीतच आहे!"

"म्हंजे मी सुटलो?" बुवांनी विचारलं.

"सुटलात."

त्यांनी आपले दोन्ही हात उघडून बघितले आणि कपाळाला लावले.

पण पेटीत म्हणजे कुठे? मी वाजतं ठेवूनच स्पीकरभोवती फिरले. एकेक स्क्रू बोटानं दाबला. सगळे घट्ट. शंकूच्या कडेचं रबर बघितलं, तेही शाबूत. मग खाली, जमिनीलगत, पेटीला असतं ते आडवं भोक होतं. जाड आवाजाची हवा तिथून बाहेर पडते. त्यावर मी तळवा ठेवला आणि चरचर बदलली! तळवा काढला, पुन्हा पहिल्यासारखी. सापडायच्या आधीचा हा जो क्षण असतो ना, दुरुस्तीच्या धंद्यात दुसरं काही नाही मिळालं तरी चालेल, हा मिळाला पाहिजे.

"बंद करा! वीज काढा! जमिनीवर चादर अंथरा कुणीतरी."

बाईंनी स्वतः चादर आणली. मी पेटी छातीशी धरून हळूच तोंडाच्या बाजूनं उलटी केली. आत काहीतरी खुळखुळलं.

"स्क्रू सुटलाय," प्रसन्न म्हणाला.

"स्क्रूचा असा आवाज नसतो. हे बारीक आहे." मी पेटी हलवली, तिरकी केली, पाठीवर दोन थापट्या मारल्या, आणि त्या भोकातून चादरीवर लाल लाल दाणे सांडायला लागले. थोडे, मग आणखी, मग धार लागल्यासारखे.

आम्ही खाली वाकून बघत राहिलो.

"अक्षता?" बाई म्हणाल्या.

कुंकवात माखलेले तांदूळ. चांगले मूठभर. पेटी जोरात वाजायला लागली की ते आत नाचत होते.

बाकावरून बुवा सावकाश उठले. त्यांनी टोपी काढली.

"त्या म्या घातल्या," ते म्हणाले.

"काय?"

"खंडेनवमीला पूजा मांडली न्हवती का बाईंनी? दुसऱ्या दिवशी माझं वाजवणं सुरू व्हायचं हुतं. समद्या सामानाला गंध-फूल झालं. मायकाला हळदकुंकू, त्या मशिनीला झेंडू. ह्यो डबा तेवढा खालनं तोंड उघडून बसलेला. म्हटलं, माझा पखवाज जगाला ऐकवणार ह्योच, आन् ह्योच उपाशी? म्हणून घातली एक मूठ तोंडात."

"आणि उजव्याच्या?" मी कसंबसं विचारलं.

"मूठ एकच हुती."

बाई पहिल्यांदा हसल्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी. मग बुवाही, खांदे हलवत. प्रसन्ननं तोंड वळवलं, पण त्याची पाठ हलताना मला दिसली. पंधरा दिवस जी चरचर बाईंच्या जिवावर उठली होती ती बुवांनी प्रेमानं भरवलेला घास होता!

मी भोक फुंकून, कापडानं पुसून, पेटी पुन्हा जागेवर ठेवली, वायरी होत्या तशा लावल्या. बाई आपल्या खुर्चीत बसल्या. मी स्क्रूड्रायव्हर हत्यारांच्या पेटीत टाकायलाही लागले होते. लांब ठोका आला, खाली गेला. चरचर नाही. नावालाही नाही.

"गेली!" मी म्हणाले.

"चरचर गेली," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र खुलला नाही. त्यांनी तोच तुकडा परत लावला, परत ऐकला. "चरचर गेली. पण फाटतोय अजून."

मी हत्यारांची पेटी पुन्हा बाजूला सरकवली.

"कुठं फाटतोय?" मी विचारलं.

"मोठा धा पडला की ऐक. ठोका ठीक आहे. त्याच्या मागोमाग, आवाज विरत जातो ना, तिथे. त्याची कड कुरतडल्यासारखी येते. चरचर होती तेव्हा ती वरून झाकत होती. आता उघडं पडलं."

मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. ऐकलं. काही नाही. स्पीकरला कान लावून ऐकलं. काही नाही. बुवांनी ऐकलं, मान हलवली. "मला तर ग्वाड लागतंय बाई."

प्रसन्न बाईंच्या खुर्चीशेजारी आला. वाकून, अगदी हळू बोलला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"आत्या, वैजयंतीलाही ऐकू येत नाहीये. बुवांचा स्वतःचा पखवाज आहे, त्यांनाही नाही. अक्षता होत्या, मान्य. तू बरोबर होतीस. पण आता पुरे ना."

बाईंनी आवाज बंद केला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठल्या.

"ठीक आहे. म्हणजे कानच आहे."

आणि माझं डोकं फिरलं. बाईंचा राग आला, प्रसन्नचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. अख्खा गणेशोत्सव डीजेच्या पेट्यांसमोर काढलेले माझे कान, आणि ते साक्षीदार! माझ्या कानांवर विसंबून ही बाई उठून चालली?

"बसा खाली!" मी ओरडले.

बाई थबकल्या. त्यांच्यावर आजवर कुणी ओरडलं नसावं. प्रसन्नचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे... बसा ना बाई," मी जीभ चावली. "मला ऐकू येत नाही म्हणून ते नाहीच, असं कोण म्हणतंय? एवढं सोपं नाही. तुमच्याकडं पातळ सुती साडी आहे का? धुऊन धुऊन विरलेली?"

"साडी?"

"आणा तर खरं."

मी एक स्टूल खोलीच्या मधोमध ठेवलं, बाईंच्या खुर्चीसमोर. दोन्ही पेट्यांच्या पाठीवरचे आवाजाचे नॉब एकाच खुणेवर आणले. साडीची दोन टोकं प्रसन्न आणि बुवांच्या हातात दिली, लग्नात अंतरपाट धरतात तशी, बाई एका बाजूला, स्टूल आणि मी दुसऱ्या बाजूला.

"आता मी या स्टुलावर एकदा डावी पेटी ठेवणार, एकदा उजवी. कुठली आहे ते बाईंना दिसणार नाही. जागा तीच, तुकडा तोच. बाईंनी फक्त सांगायचं, फाटतोय की नाही. कान खोटा असेल तर चुकेल. चुकला तर मी स्वतः क्लासवाल्यांना हो म्हणून सांगते."

"अक्षता बी हायेतच चादरीवर," बुवा म्हणाले. "मंगलाष्टक तेवढं म्हणायचं ऱ्हायलंय."

बाई सरळ बसल्या. पदर खोचला. मला दिसत नव्हतं, पण त्यांनी डोळे मिटले असणार.

पहिली पेटी वाजली.

"फाटतोय," साडीपलीकडून आवाज आला.

डावी होती. ती उतरवली, दुसरी चढवली. वजनानं दोन्ही सारख्याच, दमवणाऱ्या.

"नाही."

बरोबर. पुन्हा उजवीच ठेवायची असं ठरवलं, पण पावलं वाजवत, पेट्या उचल-ठेव करत, भरपूर आवाज करून.

"नाही. आणि वैजयंती, तू पेटी बदललीच नाहीस."

बुवांच्या हातातलं टोक खाली घसरलं. त्यांनी ते घाईनं पुन्हा वर केलं.

"फाटतोय," पुढच्याला. बरोबर.

"फाटतोय," त्याच्या पुढच्याला. बरोबर.

"थांब," प्रसन्न म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तुझ्या पावलांवरून आत्याला कळत असेल. तू हे टोक धर. मी ठेवतो."

"धरते की," मी म्हणाले.

त्यानं चप्पल नसलेल्या पायांनी, श्वास रोखून पेट्या हलवल्या. मलासुद्धा बघू दिलं नाही, म्हणाला, तोंड तिकडे कर. मी केलं. किती वेळा ठेवल्या कुणास ठाऊक. दर वेळी पलीकडून बाईंचा एकच शब्द यायचा. शेवटी त्यानं येऊन माझ्या हातातून साडीचं टोक घेतलं, दुसरं बुवांच्या हातातून घेतलं आणि साडीची नीट घडी घालायला लागला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "किती चुकले?"

त्यानं घडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"एकही नाही, आत्या."

मी आनंदानं कुठे उडी मारू आणि कुठे नको असं झालं. माझ्या कानाला अजूनही काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तरी पेटीत काहीतरी होतं! नक्की होतं! मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि डाव्या पेटीच्या पाठीवरचा पत्रा खोलायला बसले.

"घाई करू नकोस," बाई म्हणाल्या. "वीज?"

"काढलीय. पण तेवढ्यानं भागत नाही. आत कपॅसिटर असतात, त्यांच्यात वीज दबा धरून बसलेली असते. तिला आधी बाहेर काढायची."

ती बाहेर काढली, मापून खात्री केली आणि मगच हात घातला. ॲम्प्लिफायरचा सगळा पसारा पत्र्याला चिकटून बाहेर आला. बाई माझ्या खांद्यावरून, प्रसन्न दुसऱ्या खांद्यावरून आणि बुवा समोरून, टॉर्च धरून. मी सांधे बघितले, एकेक. चांगले. वायरी चांगल्या. आणि मग विजेच्या भागात दोन जाड कपॅसिटर शेजारी शेजारी उभे होते, त्यांतल्या एकाचं डोकं सपाट होतं आणि दुसऱ्याचं अगदी किंचित, पुरी फुगायला लागावी इतकंच, वर आलेलं.

"बघा!" माझा आवाज चिरकला. "बघा, बघा! फुगलाय!"

"म्हंजे काय हुतंय?" बुवांनी विचारलं.

"हा विजेची टाकी आहे बुवा. तुमचा मोठा धा आला की ॲम्प्लिफायर एकदम भरपूर वीज मागतो. टाकी भरलेली असेल तर देते. ही टाकी सुकलीय. ठोका कसाबसा निभावून नेते, पण ठोक्याच्या मागं तिला दम लागतो. तिथंच आवाज कुरतडला जातो. बाई म्हणत होत्या तिथंच!"

तो उपसून मी मीटरवर मापला. अंगावर जेवढं लिहिलं होतं त्याच्या अर्ध्यालाही काटा पोचला नाही. मीटर मी बाईंसमोर धरलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांना कळलेलं होतंच. बघितलं ते प्रसन्ननं, बराच वेळ.

असले कपॅसिटर माझ्या दुकानात होते. मी हेल्मेट डोक्यावर घातलं आणि स्कूटर काढली. त्या संध्याकाळी मी सांगली कशी ओलांडली ते विचारू नका. एक हवालदार शिट्टी वाजवत राहिला, मी त्याला हात करून पुढे. दुकानातून चांगले चार उचलले, परत आले तर फाटकात प्रसन्न माझी वाट बघत उभा.

"मिळाला?"

"मिळणारच."

"क्लासवाले येऊन गेले," तो म्हणाला.

माझा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबला. "मग?"

"मग काय. खोल्या रिकाम्या नाहीत म्हणून सांगितलं." तो माझ्या पुढे दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

आधी बाईंनी दिलेला चहा प्यायले. मग नव्या कपॅसिटरला सोल्डरचे डाग दिले. दोन्ही कपॅसिटर बदलले, कारण एक म्हातारा झाला की शेजारचाही फार दिवस टिकत नाही. पत्रा बसवला. पेटी जागेवर ठेवली.

बाई खुर्चीत बसल्या. या वेळी रेकॉर्डिंग प्रसन्ननं लावलं नाही, बाईंनी स्वतः लावलं, अगदी सुरुवातीपासून.

मला खरंच फरक कळला का? खोटं कशाला बोलू, आधी नाही कळला. पण बुवांचा मोठा धा आला तेव्हा मी बाईंकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल होताना पाहून मला वाटलं, हां, आता त्या ठोक्याच्या मागं खोली दिसतेय. बुवांची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती. ते स्वतःचंच वाजवणं ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी असा वाजवतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"असाच वाजवता," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा वाजवायची गरज नाही बुवा. पहिलंच घेऊ. पहिलंच उत्तम आहे."

बुवांनी तिथंच जमिनीला हात लावून नमस्कार केला. पेटीला केला, बाईंना केला की त्या पहिल्या धाला, ते त्यांनाच माहीत.

रेकॉर्डिंग संपलं. प्रसन्न खुर्चीच्या मागे उभा होता. त्याला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, हे दिसत होतं.

"आत्या... गेलं?"

"गेलं." बाई खुर्चीत मागे रेलल्या. "डावा इतका स्वच्छ वाजतो हे मी विसरूनच गेले होते रे."

मी हुश्श केलं. हत्यारं गोळा करायला वाकले. बाईंनी पुन्हा एक तुकडा लावला होता, निव्वळ आनंदासाठी असं मला वाटलं. तो मध्येच थांबला. मी वर बघितलं. त्यांनी मान जरा तिरकी केली होती आणि कपाळाला आठी होती.

"वैजयंती," त्या म्हणाल्या, "डावा स्वच्छ झाल्यावर कळतंय, आता उजवा फाटतोय."

मी कान टवकारले. मला काही ऐकू आलं नव्हतं. बुवांनीही मान हलवली. आम्ही दोघांनी प्रसन्नकडे बघितलं.

तो टेबलामागे शिरला होता. त्यानं उजव्या पेटीची वायर काढली, पेटी दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर चादरीवर आणून ठेवली, आणि स्वतःही मांडी घालून बसला.

"स्क्रूड्रायव्हर कुठाय?" त्यानं विचारलं.